अव्वल दर्जाची सुगी

परवा मोंढ्यात टरबुजांची गाडी रिकामी करत होते. गाडीवरचा माणूस एकेक टरबूज खाली टाकायचा, खालचा ते झेलून ढिगावर ठेवायचा. मी भाजीची पिशवी घेऊन बाजूनं चाललो होतो. एक टरबूज खालच्याच्या हातून निसटतंय असं दिसलं, आणि पुढं काय झालं ते मलाही कळलं नाही. पिशवी धुळीत पडली होती आणि टरबूज माझ्या छातीशी होतं.

"आरं बाबौ! म्हातारा लई चपळ हाय की!" गाडीवरचा ओरडला. सगळे हसले. मीही हसलो. ऐंशीकडं झुकलेल्या माणसानं भर बाजारात असं काही केलं की हसण्यावारी न्यावं हेच बरं. पण घरी येईपर्यंत तळहात गरम होते.

फाल्गुन लागला की माझं असंच होतं. ज्वारीची काढणी उरकत आलेली असते, कडब्याच्या गाड्या गावातून जाताना झाडांच्या खालच्या फांद्यांना काड्या अडकून राहतात, खळ्यांवरून उडालेलं भुसकट दुपारच्या वाऱ्यावर थेट ओट्यापर्यंत येतं. सुगी म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, लग्नसराई आठवते. मला बीडच्या बिंदुसरा नदीकाठचं मैदान आठवतं, धुळीनं माखलेला कातडी बॉल आठवतो, आणि बावीस माणसं पळत असताना मैदानावर अचानक पसरलेली एक शांतता आठवते. त्या शांततेनं आम्हाला एकदा हरवलं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. दर साल सुगीच्या सुमारास सुभ्यातल्या गावांचे फुटबॉलचे सामने औरंगाबादेला व्हायचे. संघांचे दोन दर्जे होते, अव्वल आणि दोयम. दोयम दर्जातला शेवटचा सामना जो जिंकेल, तो पुढच्या सालापासून अव्वल दर्जात. आमचं बीड कायम दोयम. इतकं कायम, की गावात कुणाच्या पोराला कमी मार्क पडले किंवा कुणाची म्हैस कमी दूध द्यायला लागली तरी माणसं म्हणायची, "चालायचंच, बीडचं हाय."

मी मन्मथ. पेठेत आमचं भुसाराचं दुकान, पण मला वडिलांनी उर्दू शिकवून तहसील कचेरीत चिकटवलं होतं. मी नकलनवीस होतो. लोकांच्या अर्जांच्या नकला उतरवून काढायच्या, कुणी हाक मारली तर उठून उभं राहायचं, बोलायचं ते खाली बघून आणि हळू. पाच वर्षांत माझा आवाज इतका बारीक झाला होता की आई म्हणायची, "तुझं बोलणं ऐकायला तुझ्याजवळ यावं लागतंय." घरात आम्ही लिंगायत, रोज स्नान करून इष्टलिंगाची पूजा. आणि मी संघाचा गोलकीपर! अकरा जणांत कातड्याला हात लावणारा मी एकटा. त्यावरून आईनं पहिल्या वर्षी दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच न्हाणीत एक वेगळी घागर भरून ठेवायला लागली. "खेळायचं तर खेळ बाबा, पर उंबऱ्याच्या आत यायच्या आदी हात धू."

हरलो त्या वर्षाची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण जिंकण्याचं मूळ तिथंच आहे.

शेवटचा सामना. आम्ही एका गोलनं पुढं. दहा-बारा मिनिटं राहिलेली. एवढ्या वर्षांत बीड इतक्या जवळ कधीच पोचलं नव्हतं. आणि तेव्हा आम्हा सगळ्यांना एकदमच ते कळलं. पळणारे पाय जड झाले. पुढचे खेळाडू मागं आले, मागचे आणखी मागं आले, आणि माझ्या गोलसमोर गर्दी उभी राहिली. कुणी बोलेना. बॉल पायाशी आला की जो तो तो दूर भिरकावून द्यायचा, जणू निखारा आहे. मग एक बॉल आला, साधाच, घरंगळत. माझ्यासमोर आमचे बॅक गोविंदराव उभे होते. धर्मापुरीकडच्या मोठ्या देशमुखांच्या घरातले, वकिलीच्या परीक्षेसाठी बीडात खोली घेऊन राहिलेले. बॉल त्यांच्यापासून चार पावलांवर आणि माझ्यापासूनही चार पावलांवर. मी "माझा" म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं, पण देशमुखांच्या मुलावर ओरडायचं कसं? ते माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. आमच्या दोघांच्या मधून समोरचा एक पोरगेला गडी आला आणि त्यानं बॉल अलगद आत सारला. पाठोपाठ दुसराही गोल झाला. संपलं.

यातली एक गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. शिट्टी वाजली तेव्हा मला दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचं ओझं कुणी उचलून नेलं असं वाटलं. रडू नंतर आलं, तेही त्या सुटकेचीच लाज वाटली म्हणून.

पावसाळा उलटला, मैदानाची काळी माती वाळून टणक झाली, तेव्हा करीममास्तरांनी सगळ्यांना बोलावलं. मास्तर शाळेत ड्रिल शिकवायचे. हैदराबादेकडचे, पन्नाशीचे, काटकुळे, सदऱ्याच्या खिशात साखळीचं घड्याळ. मैदानावर मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नाही. हळू बोलायचे, आणि आपण गप्प होऊन ऐकायचो.

त्यांनी मला आणि गोविंदरावांना पुढं बोलावलं.

"बॉल बीच में आया, उस वक्त तुम क्या बोले, मियाँ?" मला विचारलं.

"काही न्हाई, मास्तर."

"कायकू?"

मी गोविंदरावांच्या पायांकडं बघत राहिलो. मास्तरांनी उत्तराची वाट बघितली नाही. सगळ्यांकडं वळून म्हणाले, "पिछले साल आख़री दस मिनट में बॉल किसने मांगा? हात उठाओ."

एकही हात वर आला नाही.

"जो बॉल नैं मांगता, वो डर्‍या हुआ है," मास्तर म्हणाले. "तुम लोगां खेलना जानते. जीतते वक्त खेलना नैं जानते. वो सीखेंगे."

आणि मग सुरू झाला तो अजब सराव. इतर गावांचे संघ सरावाला पळायचे, लाथा मारायचे. आमचा सराव रोज सामना संपायच्या पंधरा मिनिटं आधीपासून सुरू व्हायचा. मास्तर खिशातलं घड्याळ काढायचे आणि जाहीर करायचे, "बीड एक गोल आगे. पंधरा मिनट बाकी." तेवढंच. शाळेतले, गावातले जे कुणी हाताशी असतील ते दुसऱ्या बाजूला. नियम एकच. बॉल ज्याच्याकडं नाही त्या प्रत्येकानं बॉल मागायचा, मोठ्यानं, नावानं. कुणी गप्प दिसला की मास्तर शिट्टी वाजवून खेळ थांबवायचे आणि त्याच्याजवळ जाऊन हळूच विचारायचे, "डर लगा क्या?"

पहिले आठ दिवस नुसता पोरखेळ झाला. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून आमच्याकडं बघायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. दहा बाप्ये माणसं "इकडं! इकडं! मला! मला!" असं ओरडत फिरतायत म्हटल्यावर हसू येणारच. पण नवव्या-दहाव्या दिवशी काहीतरी बदललं. "पंधरा मिनट बाकी" हे शब्द ऐकले की पोटात जो गोळा यायचा, तो यायचा थांबला नाही, पण ओळखीचा झाला. रोज सांजच्याला येणाऱ्या पाहुण्यासारखा. आलास का, बस.

माझं मात्र काही जमत नव्हतं. एका संध्याकाळी बॉल उजवीकडून आला आणि मला दिसलं की गोविंदरावांनी दोन पावलं डावीकडं सरकायला हवंय. मी सगळा जीव एकवटून म्हणालो, "गोविंदराव, तुमी जरा... डावीकडं सरकता का?"

माझं वाक्य पुरं होईपर्यंत बॉल माझ्या मागं जाळ्यात होता. जाळं म्हणजे दोन बांबूंना बांधलेलं मासेमाराचं जुनं जाळं, पण बॉल त्यात होता हे खरं.

मास्तर चालत आले. "इतनी लंबी अर्ज़ी? नीचे दस्तख़त भी करते क्या? मियाँ, ये मैदान है, कचेरी नैं."

सगळं मैदान हसलं. गोविंदराव तेवढे हसले नाहीत.

त्या दिवशी खेळ संपल्यावर सूर्य अजून टेकडीवर होता. मी नदीत पाय धूत बसलो होतो. गोविंदराव येऊन शेजारच्या दगडावर बसले. एवढ्या जवळ ते कधी बसले नव्हते.

"मन्मथ, एक विचारू? मला गोविंद म्हणायला तुला काय होतंय?"

"जमणार न्हाई जी. आमच्या कचेरीत तुमच्या घरचे कारकून आले तरी मी उभा राहतो."

ते पाण्यात खडे टाकत राहिले. मग म्हणाले, "तुला काय वाटतं, तू हाक मारली न्हाई म्हणून तो गोल झाला?"

"व्हय."

"मंग ऐक. तू हाक न्हाई मारलीस, ते मला बरं वाटलं. बॉल माझ्याकडं येऊ नये, एवढंच मी त्या वक्ताला म्हणत होतो. दुसऱ्यानं घ्यावा, कुणीबी घ्यावा. हरलो तवा कसं वाटलं सांगू?"

"सुटल्यावानी," मी म्हणालो.

त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं. ज्या गोष्टीची मला एकट्याला लाज वाटत होती, ती एवढ्या मोठ्या घरच्या माणसाच्याही पोटात तशीच बसली होती. माणसाला धीर कशानं येतो याचा मी पुढं आयुष्यात बराच विचार केला. शूर माणसाची गोष्ट ऐकून मला कधी धीर आला नाही. माझ्यासारखंच भ्यालेलं माणूस शेजारी येऊन बसलं आणि त्यानं ते कबूल केलं, तेव्हा आला.

"वडील गेल्यापून आई सोडली तर मला कुणी नुसत्या नावानं हाक मारलेली न्हाई," गोविंदराव म्हणाले. "घरात सगळी राव म्हणत्यात. आजी गोंद्या म्हणायची. तू म्हणून बघ की."

"आता?"

"आता. मी तिकडं पलीकडं जातो. तितनं ऐकू आलं पायजे."

ते खरोखरच धोतर खोचून पाण्यातून पलीकडच्या काठावर गेले. मधे पन्नास हात वाळू आणि घोटाभर पाणी. मी उभा राहिलो. पहिल्यांदा नुसता घसा खरवडला. दुसऱ्यांदा निघाला तो आवाज कोंबडीचा. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि ओरडलो, "गोंद्याऽऽ!"

पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडाले. आणि तो देशमुख गुडघ्यांवर हात ठेवून इतका हसला, इतका हसला, की मीही खाली बसून हसायला लागलो.

त्यानंतर आवाज माझ्या ताब्यात राहिला नाही. एके सकाळी कचेरीत आमच्या वरच्या पेशकारसाहेबांनी एक अर्ज वाचून दाखवायला सांगितला. मी सुरुवात केली आणि शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला. पेशकारांनी कानात बोट घातलं. "मन्मथअप्पा, हम बहरे नैं हुए अभी." मी ओशाळलो खरा. पण अर्जदार, चौसाळ्याकडचा एक शेतकरी, दारात उभा राहून आपलाच अर्ज ऐकत होता. त्याचा चेहरा उजळलेला मी बघितला. आपलं म्हणणं एवढ्या मोठ्यानं कुणी वाचलेलं त्यानं कधी ऐकलं नसावं.

फाल्गुनात औरंगाबादेला निघालो. सर्व्हिस मोटारीनं शहागडपर्यंत, तिथं गंगेच्या काठी उतरायचं, नावेतून पलीकडं जायचं आणि दुसरी मोटार धरायची. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. दोन्ही बाजूंनी ज्वारीची रानं पिवळी, काही ठिकाणी पेंढ्या बांधून आडव्या टाकलेल्या, काही ठिकाणी बाया ओळीनं बसून कणसं खुडतायत. नावेत शिरूरचा गणपत माझ्याशेजारी बसला होता. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबायच्या कामाला होता. डाव्या बाजूनं पळायला लागला की कुत्र्याच्या तावडीत सापडायचा नाही, पण बोलायचं म्हणजे दिवसाला चार शब्द.

"पवता येतं का रं तुला?" मी विचारलं.

"न्हाई."

"मंग भ्या वाटत न्हाई?"

"वाटतं की रं," गणपत म्हणाला, आणि पाण्याकडं बघत राहिला. चार शब्द संपले होते.

पहिले दोन सामने आम्ही जिंकलो, त्यातल्या दुसऱ्यात तर तीन गोल केले. शेवटचा सामना शुक्रवारी दुपारनंतर. त्या दिवशी जेवणं कुणाला गेली नाहीत. आम्ही उतरलो होतो त्या सराईच्या ओसरीत पत्रावळी तशाच पडून होत्या. डोळ्यांपुढं मागच्या सालचंच मैदान, तेवढीच माणसं, आणि समोरचे गडी पायात बूट घातलेले. आम्ही सगळे अनवाणी.

मास्तर आत आले. मला वाटलं, आता भाषण होणार. त्यांनी एकेकाला विचारलं, "डर लगता?"

"न्हाई मास्तर." "न्हाई." "बिलकुल न्हाई."

अकरा जण अकरा वेळा खोटं बोललो. मास्तर ऐकून घेत होते. मग त्यांनी आपला उजवा हात पुढं केला, पंजा पसरून. तो थरथरत होता.

"मेरेकू तो लगता," ते म्हणाले.

गणपत पहिल्यांदा हसला. मग सगळेच. इतके हसलो की सराईवाला बघायला आला. "डर कू रैन दो," मास्तर म्हणाले. "उसकू बाजू में बिठाओ. पर बॉल मांगो." आणि पत्रावळींकडं बोट दाखवून म्हणाले, "पैले खाना खाओ."

आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी आणि पिठलं. त्या घासाची चव मला आजही तोंडात सापडते.

सामना सगळा सांगत नाही, सांगताही यायचा नाही. मला तो तुकड्यांनीच आठवतो. धूळ. बुटांचे आवाज. मैदानाच्या कडेला मांडवात बसलेले अंमलदार. पहिल्या अर्ध्यात गणपत डाव्या बाजूनं सुटला आणि त्याच्या उघड्या पायाचा आवाज मला इकडं दुसऱ्या टोकाला ऐकू आला, टप्प, आणि गोल. आम्ही एकनं पुढं.

मग ती वेळ आली. कुणी घड्याळ दाखवलं नाही, पण सगळ्यांना कळलं की पंधरा मिनिटं राहिली असणार. पोटातला तो पाहुणा आला. आणि त्याच क्षणी डावीकडून, उजवीकडून, पुढून, मागून आवाज उठले. "इकडं दे!" "मेरेकू!" "मला, मला!" मराठीत, दखनीत, कुणी नुसतंच "ए ए" करत. कडेनं बघणाऱ्यांना वाटलं असेल, बीडवाल्यांचं डोकं फिरलं. आम्हाला वाटलं, आपण घरी आहोत, बिंदुसरेच्या काठी, आणि बाया धुणं थांबवून बघतायत. कुणी मागं आलं नाही. आमचा खेळ समोरच्यांच्याच अंगणात चालू राहिला.

आणि अशात त्यांनी गोल केला. दूरवरून मारलेला, खांबाला चाटून आत गेलेला. माझी चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. चांगला फटका होता. एकास एक. कडेची माणसं उभी राहून ओरडायला लागली आणि आमच्या बाजूला पुन्हा ती शांतता उतरली, मागच्या सालची. मला ती ओळखता आली. गोविंदची मान खाली गेलेली दिसली. मी जाळ्यातून बॉल काढला.

तेव्हा पार लांबून, डाव्या कडेवरून, आवाज आला. "बॉल द्या की मला! थांबलात कावून बे?"

गणपत! दिवसाला चार शब्दांचा गणपत! त्यानं आठवडाभराचे शब्द एकदम खर्च केले होते. शांतता फुटली ती तिथं. खेळ सुरू झाला आणि आवाज परत आले, आधीपेक्षा मोठे.

शेवटी शेवटी एक बॉल आमच्याकडं आला, उसळत. माझ्या आणि गोविंदच्या मधोमध. त्यांचा एक उंच गडी त्याच्यावर तुटून पडलेला. मला विचार करायला वेळ नव्हता, आणि तेच बरं झालं.

"गोंद्या, सोड! माझा!"

तो झटक्यात बाजूला झाला. मी बॉलवर झेपावलो, छातीशी धरला, तो गडी माझ्या अंगावरून पलीकडं गेला. उठलो तर समोरचं अर्धं मैदान मोकळं. त्यांचे सगळे इकडं आलेले. बॅकनं आपली जागा सोडायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. पण मला ती मोकळी जागा दिसत होती, आणि जे दिसतं ते सांगायचं एवढंच आता मला येत होतं.

"जा! गोंद्या, पुढं जा! पळ!"

देशमुखांचा मुलगा पळाला. मी बॉल त्याच्या पुढं फेकला. तो घेऊन तो सरळ सुटला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला खांद्यानं ढकलत आत घुसला. डावीकडून गणपत "मला! मला!" करत सोबत धावतोय. गोविंदनं स्वतः मारला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यानं बॉल डावीकडं सरकवला. टप्प.

दोनास एक. शिट्टी वाजली तेव्हा मी कुठं होतो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की गोविंदनं मला उचललं होतं आणि तो माझ्या कानात ओरडत होता, "अजून एकदा म्हण! गोंद्या म्हण!" आणि मास्तर मैदानाच्या कडेला खाली मांडी घालून बसले होते, दोन्ही हात डोळ्यांवर. ह्या खेपेला सुटल्यासारखं वाटलं का, असं मी नंतर स्वतःला विचारून बघितलं. नाही. जड वाटलं. चांगलं जड, दाणे भरलेल्या पोत्यासारखं, आपल्याच खांद्यावर आपण होऊन घेतलेलं.

आज मागं वळून बघताना वाटतं, की त्या दिवशी आमच्यात नवीन असं काहीच आलं नव्हतं. पाय तेच, दमही तोच. मागच्या साली जे आत होतं आणि तोंडातून निघत नव्हतं, तेवढंच बाहेर आलं. आत्मविश्वास हा शब्द तेव्हा आमच्या बोलण्यात नव्हता. करीममास्तरांकडंही नव्हता. त्यांच्याकडं एक घड्याळ होतं आणि एक प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. नाव, मोटार, धूळ. गेवराईनंतर सगळे एकमेकांच्या अंगावर मान टाकून झोपले. दुपार कलायच्या सुमारास मोटार बीडच्या अड्ड्यावर थांबली. अड्ड्यावर दीड-दोनशे माणसं उभी होती. आमच्याआधी खबर पोचलेली नव्हती. आणि आम्ही उतरलो ते कसे, तर केसांत धूळ, डोळे तांबडे, दोघं लंगडत, गणपतच्या पायाला फडकं बांधलेलं. कुणाच्या तोंडून शब्द निघेना, थकव्यानं.

माणसं आमच्याकडं बघून गप्प झाली. मग अड्ड्यावरचा म्हातारा पानवाला गर्दीतून पुढं आला. गणपतच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला, "असू द्या लेकरांनो. व्हतंय असं. पुढल्या साली बघू."

मागचे लोक मान हलवायला लागले. "व्हय व्हय, पुढल्या साली." "पोरं लांबपोतूर गेलती, ते काय कमी हाय?" कुणी पाणी आणायला धावलं. सगळा गाव आम्हाला समजावत होता. प्रेमानं, सवयीनं. हरलेल्यांना कसं वागवायचं हे बीडला फार चांगलं येत होतं.

आम्ही अकरा जण एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. गोविंदनं मला कोपरानं ढोसलं. मी पुन्हा मोटारीच्या पायरीवर चढलो.

"जितलो!" मी ओरडलो. "दोनास एक! बीड अव्वल दर्जात गेलं!"

कुणी हललं नाही. लांबचा एक बैल तेवढा मान वर करून बघायला लागला.

"काय म्हनला?" पानवाल्यानं विचारलं.

"जितलो काका! अव्वल दर्जा!"

त्यानं आपल्या आसपास बघितलं, बाकीच्यांनी ऐकलं का म्हणून. मग दोन्ही हात जोडून, डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. तोंडातलं पान चघळायचं थांबलं होतं.

"मला ऐकू आलंय," तो म्हणाला. "पर अजून एकदा सांग बे. ऐकायला लई ग्वाड लागतंय."

मी अजून एकदा सांगितलं. मग गणपतनं सांगितलं. मग आम्ही अकरा जणांनी मिळून सांगितलं, आणि तोवर गर्दीतली माणसंच एकमेकांना सांगायला लागली होती.